एकच उतार, दहा वेळा

दिवाळी उलटली की कसाऱ्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी सायकलस्वार दिसू लागतात. मुंबई, ठाणे, नाशिकहून मंडळी गाडीच्या पाठीला सायकली बांधून पहाटेच पोहोचतात. विहीगाव मागे पडते, सूर्यमाळचा चढ दम काढतो, खोडाळ्याच्या नाक्यावर चहा होतो आणि मग पुढे मोखाडा नाहीतर जव्हार. परतल्यावर मोबाइलमध्ये दोन आकडे पाहिले जातात: किती किलोमीटर झाले आणि किती मीटर चढलो. यातल्या बऱ्याच सायकली जाड दात्यांच्या टायरच्या, पुढे सस्पेन्शन असलेल्या, खास डोंगरासाठी घेतलेल्या असतात. तरी दिवसभरात त्यांचे चाक एकदाही डांबरावरून खाली उतरत नाही.

डांबरावर सायकल चालवण्यात उणे काहीच नाही. महाराष्ट्रात गेल्या पंधरा-वीस वर्षांत सायकलची हौस वाढली ती मुख्यतः लांब पल्ल्याच्या वाटेने. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या ब्रेव्हे आता अनेक शहरांत होतात. इथून जवळच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. भारतीय गटाने ती पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा माणसांमुळे कितीतरी जणांनी कपाटामागे पडलेली सायकल बाहेर काढली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण त्या कसोटीचे माप अंतर आणि वेळ हे आहे. तेच माप डोंगरी सायकलीला लावले की गडबड होते. हौशी स्वार एखाद्या रविवारी धीर करून कच्च्या वाटेला लागतो, पहिल्याच मुरमाड उतारावर पुढचे चाक निसटते, कोपर सोलवटते आणि ‘हे आपले काम नव्हे’ म्हणत तो पुन्हा रस्ता गाठतो. काही जण सायकलच कमी पडली असे समजून दुप्पट किमतीची घेतात. त्याच उतारावर ती नवी सायकलही तशीच निसटते.

आमच्या मते चूक शिकण्याच्या पद्धतीत आहे. चाळीस किलोमीटरची अनोळखी कच्ची वाट एकदा तुडवण्याने अंग थकते, पण हात-पाय काही शिकत नाहीत. कारण चूक कळेपर्यंत ती जागा मागे पडलेली असते आणि पुन्हा कधी समोर येत नाही. त्याऐवजी खोडाळ्याच्या आसपासच्या माळावर एक किलोमीटरचा, फार तर दीड किलोमीटरचा, एकच तुकडा निवडावा. त्यात एक चढ, एक उतार, दोन वळणे आणि एखादी दगडाची पायरी असावी. आणि सकाळभर तोच तुकडा दहा वेळा चालवावा. कौशल्य त्यातूनच येते. मौजही त्यातच आहे, हे सांगून पटणार नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आपोआप पटते.

या खेळाचा जन्मच अशा आवर्तनातून झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका मातीच्या वाटेवरून खाली सुटत. साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आणि सुमारे चारशे मीटरचा उतार. ब्रेक म्हणजे उलटे पेडल मारले की लागणारा मागच्या चाकाचा जुना ब्रेक. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर चाकाचा तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली, आणि पुढची काही वर्षे तीच माणसे त्याच उतारावरून पुन्हा पुन्हा खाली आली. त्यातल्या जो ब्रीझने वर्षभरात या कामासाठी वेगळी सायकल बांधली. गॅरी फिशर आणि टॉम रिची यांनी पुढे तिचा व्यवसाय उभा केला. १९९६ मध्ये अटलांटा इथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. या सगळ्याच्या मुळाशी होती ती एक वाट आणि तिचा प्रत्येक दगड पाठ असलेली काही हौशी माणसे. त्यांच्या सायकली आपल्याकडच्या आजच्या डोंगरी सायकलींपेक्षा जड आणि गैरसोयीच्या होत्या.

खोडाळ्याची जमीन या सरावाला का मानवते, ते तिच्या घडणीत आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनला. भूशास्त्रात या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि यातला ‘ट्रॅप’ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. टणक थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून इथला उतार घसरगुंडीसारखा सरळ नसतो. थोडा सपाट माळ, मग वीतभर पायरी, पुन्हा सपाट, मग हातभर पायरी. मध्ये मुरूम, सुटे गोटे, लालसर माती, करवंदीच्या जाळ्या. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला जाणारी वाट कधी बैलगाडीच्या चाकोरीतून जाते, कधी खाचराच्या बांधावरून, कधी कोरड्या ओहोळातून. शिकणाऱ्याला नेमके हेच हवे असते: अडचण छोटी, पण निरनिराळी, आणि दोन अडचणींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा.

आता प्रत्यक्ष कसबाकडे वळू. पहिली गोष्ट नजर. नवखा स्वार पुढच्या चाकासमोरच्या दगडाकडे पाहतो, आणि सायकल नेमकी त्या दगडावर जाते. यात जादू काही नाही. नजर जिकडे तिकडे मान, मान तिकडे खांदे, आणि खांदे तिकडे हँडल वळते. म्हणून नजर दगडावर न ठेवता दगडाशेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवायची, आणि तीही तीन-चार सेकंद पुढची. जवळचा दगड डोळ्यांनी आधीच टिपलेला असतो; चाक तिथे पोहोचेल तेव्हा त्याच्याकडे पाहून उपयोग नाही. बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईची नजर पायाशी नसते. ती पुढे असते, आणि पाय आपले काम करतात.

दुसरी गोष्ट अंग. उतारावर सीटवर बसून राहणे ही हौशी स्वाराची सर्वांत घट्ट सवय आहे. त्याऐवजी असे उभे राहावे: दोन्ही पेडल जमिनीला समांतर, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, कुल्ले सीटवरून उचललेले आणि किंचित मागे, गुडघे आणि कोपरे वाकलेली, टाचा खाली. शरीराचा भार पायांवर यायला हवा, हातांवर नाही. हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. सोप्या उतारावर बोटे क्षणभर सैल करून पाहावीत. हात सैल झाल्यावर अंग पुढे पडू लागले तर भार चुकीच्या जागी आहे. हौशी स्वाराच्या सायकलीचा सस्पेन्शन फोर्क साधारण शंभर-सव्वाशे मिलिमीटर दबतो. वाकलेले गुडघे आणि कोपरे त्याच्या कितीतरी पट धक्का गिळतात. महागातले महाग सस्पेन्शन ताठ हातांना उपयोगी पडत नाही. उतार सुरू होण्याआधी सीट चार बोटे खाली करण्याचाही आळस करू नये. त्याने अंगाला हलायला जागा मिळते आणि भीती निम्मी होते.

तिसरी गोष्ट ब्रेक, आणि यावर थोडे थांबायला हवे. कारण खोडाळ्याच्या मुरमावर बहुतेक जण पडतात ते ब्रेक न लावल्याने नव्हे, चुकीच्या वेळी लावल्याने. सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो, पुढचे चाक जमिनीत रुतते आणि पकड वाढते. पण लहानपणी ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ हे इतक्यांदा ऐकलेले असते की मोठेपणीही माणूस मागच्या ब्रेकवरच विसंबतो. मागचे चाक जाम होते, फरफटते, आणि सायकल आपली दिशा सोडते. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू वाढवत लावावेत. झटका देऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेग कुठे कमी करायचा, हे आधी ठरवावे. वळणाच्या अलीकडे, पायरीच्या अलीकडे, सुट्या गोट्यांच्या अलीकडे, जिथे जमीन घट्ट आहे तिथे ब्रेक लावून घ्यायचा, आणि अवघड जागेत चाक मोकळे फिरू द्यायचे. फिरणारे चाक वाट काढते. अडकवलेले चाक घसरते. घाबरलेल्या माणसाला हे उलटे वाटते. म्हणूनच ते एकाच उतारावर, तीच खूण धरून, दहा वेळा करायचे. सायकलवरच्या पहिल्या फेरीला एखाद्या पळसाच्या झाडापाशी ब्रेक सोडता आला नाही, तर तिसऱ्या फेरीला येतो.

वळण घेताना बाहेरचा पाय खाली दाबून सायकल आत कलवावी, अंग मात्र बरेचसे सरळ ठेवावे. चढावर हलका गिअर चढ लागण्याआधी टाकावा. चढ लागल्यावर जोर देऊन बदलला तर चेन कुरकुरते, कधी तुटते. आणि मुरमाच्या चढावर उभे राहून पेडल मारू नये. मागच्या चाकावरचा भार गेला की ते जागीच गरागरा फिरते. सीटच्या पुढच्या टोकावर सरकून, छाती हँडलकडे झुकवून बसले की पुढचे चाक उचलले जात नाही आणि मागचे निसटत नाही.

सायकलीवर खर्च करण्यापूर्वी एक फुकटचा उपाय करून पाहावा: हवा कमी करणे. गावोगावचे पंक्चरवाले टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या सायकलींवर कधी धान्याचे पोते असते, कधी दोन माणसे. डोंगराच्या वाटेवर तो टणक टायर प्रत्येक गोट्यावरून उडतो. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब आणि सत्तर किलोंच्या आसपासचा स्वार असेल तर अठ्ठावीस ते बत्तीस पीएसआय पुरते. ट्यूबलेस असेल तर आणखी चार-पाच कमी. टायर खडकाला बिलगून चालू लागतो आणि सायकल बदलल्यासारखे वाटते. ट्यूबमध्ये यापेक्षा कमी केले तर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटून फुटते. काटे इथे पुष्कळ. पंप, दोन ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या यांशिवाय डांबर सोडू नये.

दहा फेऱ्यांची रीतही सांगायला हवी. पहिली फेरी सायकलवरून उतरून, चालत करायची. बहुतेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हाला ती सर्वांत मोलाची फेरी वाटते. चालताना गोटे हलतात की रुतलेले आहेत हे पायाला कळते, पायरीची खरी उंची कळते, खालून वर पाहिल्यावर तोच उतार निम्मा दिसतो. पुढच्या दोन-तीन फेऱ्या अगदी हळू. मग एका फेरीत फक्त नजरेकडे लक्ष, एका फेरीत फक्त ब्रेककडे, एका फेरीत फक्त टाचांकडे. सगळे एकदम सुधारायला गेले की काहीच सुधारत नाही. जमू लागले की क्रम मोडावा: उलट बाजूने यावे, चाकासाठी दुसरी वाट धरावी, पायरी डावीऐवजी उजवीकडून उतरावी. हालचालींचे शिक्षण कसे होते याचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की लागोपाठ चार तास घासण्यापेक्षा थोडा थोडा, दिवसांच्या अंतराने केलेला सराव अधिक टिकतो, आणि शिकलेले पक्के होण्यात झोपेचाही वाटा असतो. म्हणजे घरी इमारतीच्या आवारात रोज दहा मिनिटे काढली तरी पुष्कळ. पाय न टेकता जागच्या जागी सायकल तोलून धरणे, इंग्रजी आठच्या आकारात मुंगीच्या गतीने फिरणे, जमिनीवर ठेवलेल्या काठीवरून पुढचे चाक उचलून नेणे, एवढे आठवडाभर केलेला माणूस शनिवारी माळावर येतो तेव्हा त्याचे हात निराळे असतात.

अवघड जागी उतरून सायकल हाताने न्यायची अनेकांना लाज वाटते. पाड्यांवरची शाळकरी मुले-मुली ती कधीच बाळगत नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या साध्या, एका गिअरच्या, कॅरिअर आणि चेनकव्हर लावलेल्या सायकली असतात. तसल्या सायकलीवर दप्तर अडकवून बांधावरून जाणारे पोर पाहावे. जिथे जमते तिथे चालवते, ओहोळ आला की खाली उतरते, सायकल खांद्याला लावते, पलीकडे पुन्हा टांग टाकते. त्या उतरण्यात हार नाही, कारण त्याला कुठेतरी पोहोचायचे असते आणि उद्याही याच वाटेने यायचे असते. हौशी स्वाराने त्याच्याकडून एवढे जरूर घ्यावे.

आणि इथूनच दुसरा, आमच्या दृष्टीने तितकाच गंभीर मुद्दा सुरू होतो. या वाटा खेळासाठी पाडलेल्या नाहीत. त्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटा आहेत: शेताला, पाण्याला, दुकानाला, दवाखान्याला. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. मागे बरेचदा म्हातारी माणसे आणि लहान मुले राहतात. वळणावरून भरधाव सायकल आली तर चटकन बाजूला होणे त्यांना जमत नाही. डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेल्या माणसाला वाट द्यायची म्हणजे नुसता वेग कमी करायचा नाही. उतरायचे, सायकल कडेला घ्यायची, रामराम करायचा आणि ते पुढे गेल्यावर निघायचे. गुरे दिसली तर गुराख्याच्या इशाऱ्याची वाट पाहायची. नागली-वरईच्या मळणीचे खळे शेणाने सारवलेले असते. ते कितीही सपाट आणि मोहक दिसले तरी त्यावरून चाक न्यायचे नाही. रोपांसाठी जमीन भाजून तयार केलेल्या राबाच्या जागेचेही तसेच. तुकडा निवडण्याआधी ‘दादा, इथे सकाळभर सायकल चालवली तर चालेल का?’ एवढे विचारले, तर बहुधा नकार येत नाही. उलट कुठला ओहोळ टाळायचा, कुठल्या कपारीत मधमाश्यांचे पोळे आहे, तेही कळते.

ज्या मरिन परगण्यात हा खेळ जन्मला, तिथल्याच बहुतेक अरुंद पायवाटा १९८० च्या दशकात सायकलींना बंद झाल्या. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी खटके उडाले, वाटा झिजल्याच्या तक्रारी झाल्या, आणि सायकलस्वारांना शहाणपण थोडे उशिरा सुचले. त्यातूनच १९८८ मध्ये डोंगरी सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिने वाटेवरच्या वागण्याचे नियम घालून दिले. खोडाळ्याला अजून सायकलींची गर्दी झालेली नाही. म्हणूनच ही रीत आत्ता लावून घेणे सोपे आहे.

पावसाळ्यात या वाटांवर सायकल नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेव्हा हा मुलूख सर्वांत देखणा असतो, हे खरे. पण भिजलेल्या मातीत टायरने पाडलेल्या चरातून पाणी वाहू लागते आणि दोन महिन्यांत पायवाटेचा ओहोळ होतो. त्यातून नंतर चालायचे असते ते गावकऱ्यांना. पावसात डांबर आहेच. कच्च्या वाटेचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ऊन तर तापतेच, शिवाय मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर पाण्याची टंचाई सुरू होते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्याच्या अंगाला आहे, आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी पाड्यावर जाऊन बाटली भरून मागू नये. माणशी तीन लिटर पाणी बरोबर आणावे. जेवण मात्र इथेच घ्यावे, पैसे देऊन, आदल्या दिवशी सांगून.

बाकीची खबरदारी थोडक्यात. तानसा अभयारण्याचा काही भाग मोखाडा तालुक्यात येतो, आणि राखीव जंगलही बरेच आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे चाक घालू नये. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड लागतातच. एकट्याने जाऊ नये, कारण मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. खोडाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय, जव्हारला कुटीर रुग्णालय. आपल्या तुकड्यापासून तिथवर कसे पोहोचायचे, हे पहिल्या चालत केलेल्या फेरीतच ठरवून ठेवावे.

उन्हे वर आली की थांबावे. थकलेल्या हातांची अकरावी फेरी बहुतेक वेळा महागात पडते. उताराच्या पायथ्याशी सायकल टेकवून मागे वळून पाहिले, तर सकाळचा सगळा हिशेब मुरमात उमटलेला असतो. पहिल्या फेऱ्यांच्या जागी मागचे चाक फरफटल्याची लांब, पुसट रेघ असते. शेवटच्या फेरीची रेघ तिच्या शेजारून जाते, अरुंद, आणि तिच्यात टायरचा एकेक दाता सुटा मोजता येतो. निघण्याआधी ती पहिली रेघ पायाने मुजवून टाकावी. पहिल्या पावसाचे पाणी तिथूनच वाट धरते.